कात्री

काउंटरच्या कडेला सुतळीने बांधलेली असते ती,
कुणी पळवू नये म्हणून.
अकरा वर्षं तिनेच गोळ्या कापतोय,
वारज्यात, उड्डाणपुलापासून थोडं आत.

"दोनच द्या, मग बघू."
"मागच्या वेळची ती लाल कॅप्सूल, तीच."
"चिठ्ठी कुठली? डॉक्टर तीनशे घेतो नुसते बघायचे."
मी कापायचो. कच्.
एक्सपायरीची तारीख गिऱ्हाइकाच्या तुकड्यावर जाईल असं बघून.
तेवढा मी प्रामाणिक.

नुपूर पाच वर्षांची.
शाळेत बाटली भरलेली नेते, भरलेलीच आणते.
"तिकडच्या बाथरूमला कडी नाही, आणि खाली ओलं असतं."
आम्ही म्हणालो, धरून ठेव, घरी येऊन कर.
शहाणी मुलगी. धरून ठेवायची.

पहिल्या तापाला सायरप मीच आणलं.
उकळून गार केलेलं पाणी, खुणेपर्यंत, बाटली हलवून.
तिसऱ्या दिवशी उड्या मारायला लागली,
मग कशाला उगाच पोटात औषध?
उरलेलं फ्रिजच्या दारात, लिंबांशेजारी.
दुसऱ्या तापाला तेच काढलं.
सात दिवसांनी टाकून द्यायचं, हे मी रोज
दहा जणांना सांगतो.
वास घेतला. ठीक वाटला.

तिसऱ्या वेळी दात वाजत होते तिचे,
आणि लघवी करताना भिंतीला नखं लावायची.

रास्ता पेठेत सिस्टरने हातात डबी दिली:
"पहिली धार सोडून द्या, मधली धरा."
मी उकिडवा बसलो, नळ सोडून,
शू शू करत, बारा मिनिटं,
मग ती आली, कोमट, बोटांवरून,
आणि नुपूर म्हणाली, "सॉरी बाबा."

रिपोर्ट तिसऱ्या दिवशी.
डावीकडे औषधांची नावं, उजवीकडे एकेक अक्षर.
नावं मला पाठ. ही दुसऱ्या फळीवर, खोकल्याच्या बाटल्यांमागे.
ही गल्ल्याच्या वर, हाताशी, कारण फार खपते.
ही नुपूरची, स्ट्रॉबेरीच्या वासाची.
आर. आर. आर.
खाली खाली बोट नेत गेलो,
जसं दिवाळीच्या आधी स्टॉक मोजतो.
एस फक्त दोघांसमोर, आणि दोन्ही सुईतून जाणारी.

डॉक्टर निफाडकर बाई एवढंच म्हणाल्या,
"तुम्ही मेडिकलमध्येच ना?"
मग माझा चेहरा बघून,
"हे तुमच्याच घरातलं असं नाही हो.
पाण्यात असतं, कोंबडीत असतं, शेजारच्या पोरात असतं.
सगळ्या शहरात फिरतंय."
मला एकट्याचा दोष चालला असता.
शहराचा कुठे ठेवू?

सात दिवस तिच्या हाताला पट्टी, पट्टीखाली सुई.
ती त्या हाताला मांजर म्हणायची. मांजराला भात भरवायची.

घरी आणल्यावर शनिवारी शाळेत गेलो.
चाळीस रुपयांची कडी, चार स्क्रू, शेजाऱ्याचं ड्रिल.
शिपाई म्हणाला, परवानगी?
मी म्हणालो, धरा जरा हा दरवाजा.
धरला त्याने.

परवा तिघांना नाही म्हणालो.
एक जण हसला, "पुढच्या चौकात मिळतील की."
मिळाल्याच असतील.
मालक गल्ल्यावरून बघत होते, काही बोलले नाहीत,
महिनाअखेर बोलतील.

चौथी एक बाई होती, कडेवर पोर, पोराचे ओठ सुकलेले.
"जळजळ होते म्हणतो. ते गुलाबी सायरप द्या."
मी झाकणाची डबी पुढे सरकवली.
म्हटलं, आधी तपासून घ्या. मधली धार धरायची.
"औषध मागितलं तर डबी देतोय,"
ती माझ्याकडे न बघता पोराला म्हणाली,
आणि उन्हात उतरली.

डबी तिथेच राहिली, रिकामी, झाकण घट्ट,
कात्रीच्या सुतळीला टेकून.
रात्री शटर ओढताना आत ठेवायची विसरलो.
की ठेवली नाही.